धारेचा दगड

शेफील्ड, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आईने दिलेलं मेतकूट तळाला गेलंय. बाकी सगळं फोनवर होतंच, पण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं. बाबा, सवडीने वाचा.

पहिल्या सत्रात माझे प्रयोग सारखे फसत होते. तेव्हा गाईडबाईंनी मेलच्या शेवटी लिहिलं होतं, ‘कीप युअर नोज टू द ग्राइंडस्टोन.’ म्हणजे नाक धारेच्या दगडाला लावून ठेव! मला वाटलं, मला नाक घासायला सांगतायत. त्या रात्री मी रडले होते, तुम्हाला बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मैत्रिणीने सांगितलं, अगं, मान खाली घालून नेटाने काम करत राहा, एवढाच अर्थ. बाई धीर देत होत्या.

मागच्या रविवारी तो दगडच पाहून आले. हे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. स्टेनलेस स्टीलसुद्धा 1913 मध्ये इथेच हॅरी ब्रिअर्लीने केलं. पोर्टर नावाच्या ओढ्याकाठी शेफर्ड व्हील म्हणून जुना कारखाना जपून ठेवलाय. ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक फिरतं आणि त्यावर आतले दगड फिरतात. कारागीर घोड्यावर बसल्यासारखा लाकडी बैठकीवर पाय फाकून बसायचा आणि दगडावर ओणवा व्हायचा. दगडाला पाणी असलं तर अंगभर पिवळा चिखल. काटेचमचे मात्र कोरडेच घासायचे, त्यांची धूळ थेट छातीत जायची. त्या कामातली कितीतरी माणसं तरुणपणीच गेली. कधी फिरता दगडच फुटायचा. त्या बैठकीचं गुळगुळीत झालेलं लाकूड मी हात लावून पाहिलं. पोटात कालवलं.

घरी येऊन म्हण शोधली. ती 1532 च्या सुमाराच्या लिखाणातही सापडते, पण तिथे कुणी आपणहून नाक लावत नाही. दुसराच कुणीतरी ते दगडावर दाबून धरतो, चेहरा विद्रूप होईपर्यंत. म्हणजे मी रडले तो अर्थ अगदीच चुकीचा नव्हता. आपणहून कंबर कसण्याचा अर्थ त्या शब्दांना नंतर चिकटला.

बाबा, तेव्हापासून छोटू डोळ्यांसमोरून हलत नाही. तो राज्यसेवेसाठी पुण्यात त्या खोलीत पहाटे पाचला उठून बसतो, कुणी न सांगता. त्याला ते मनापासून हवंय. पण रोज रात्री तुमचा फोन जातो, ‘आज किती तास झाले?’ परवा मला म्हणाला, ताई, पुस्तक उघडलं की आधी बाबांचा आवाज ऐकू येतो. तुमचा जीव तुटतो म्हणून विचारता, हे मला कळतं. त्यालाही कळतं.

आठवतं का, गल्लीत सायकलवाला धार लावायला आला की आईची विळी घेऊन आपण तिघं जायचो? ठिणग्या बघायला आम्ही पुढे घुसायचो आणि तुम्ही दोघांना दंडाला धरून मागे ओढायचात. ‘डोळे सांभाळा रे’ म्हणायचात.

आज रात्री फोन कराल तेव्हा तासांचं विचारू नका. जेवलास का, एवढंच विचारा. आणि आई, त्याला लाडू पाठवशील तेव्हा डबा जरा मोठा दे, खोलीत तिघं आहेत.

तुमची,
ताई