पाठीतल्या पाण्याविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकटा घरी आला आणि उशीला टेकून बसू लागला, हे वाचून जीव भांड्यात पडला. मात्र 'नुसता व्हायरल' आजार होता, तर पाठीत सुई कशाला घातली आणि दोन दिवस प्रतिजैविके कशाला दिली, ही तुझी तक्रार मला उत्तर दिल्यावाचून सोडवेना.

तो व्हायरल होता, हे तुला आज कळते आहे. तो कण्हत दवाखान्यात आला त्या रात्री निष्णात डॉक्टरालाही नुसते पाहून ते सांगता आले नसते, कारण मेंदूच्या आवरणांना सूज आली, म्हणजे मेंदूज्वर झाला, की ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड न सोसणे आणि हनुवटी छातीला टेकू नये इतकी मान आखडणे ही लक्षणे विषाणूंमुळे येतात, तशीच जिवाणूंमुळेही येतात. पहिला आजार बहुतेकांचा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरतो. दुसरा काही तासांत जीव घेऊ शकतो. मग वाईट तेच आधी गृहीत धरून औषध सुरू करावे लागते. पाय उचलून, मान वाकवून पाहण्याच्या कर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांच्या खुणा आम्ही घोकून पाठ करतो खऱ्या, पण त्या दिसल्या नाहीत म्हणून निर्धास्त होता येत नाही. तान्ह्या बाळाची तर मानही आखडेलच असे नाही; ते फक्त किरकिरते, दूध ओढत नाही, क्वचित टाळू फुगलेली लागते.

निवाडा होतो तो पाठीत सुई घालून काढलेल्या, मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यावर. जर्मन डॉक्टर क्विंके यांनी 1891 मध्ये रूढ केलेली ही तपासणी अजूनही अटळ आहे. काकूंना सुईने लकवा होईल अशी भीती वाटली, ती स्वाभाविक आहे. परंतु मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या फटीत जाते. जिवाणूंच्या आजारात ते पाणी बहुधा गढूळ असते, त्यात पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला हजाराच्या वर जातात, प्रथिने बरीच वाढतात आणि साखर घटते. विषाणूंच्या आजारात पाणी स्वच्छ, पेशी सहसा काही शेकडा आणि त्यांतही लिंफोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार अधिक, प्रथिने थोडीच वाढलेली, साखर मात्र जवळजवळ जागेवर. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोनतृतीयांश असते, म्हणून त्याच वेळी रक्तही घेतले होते.

इथेही ठेच लागते. पहिल्या दिवशी विषाणूच्या आजारातही न्यूट्रोफिल, म्हणजे एरवी जिवाणूंच्या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जास्त दिसू शकतात. उमेदवारीच्या काळात अशाच एका अहवालावरून मी छातीठोकपणे जिवाणूंचे निदान केले होते आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. उलट, आधीच कुठली प्रतिजैविकाची गोळी पोटात गेली असेल, तर जिवाणूंचा आजारही विषाणूचे सोंग घेतो; तुला 'घरी काय काय औषध दिले' असे तिघांनी विचारले, ते यासाठी. क्षयाच्या मेंदूज्वरातही लिंफोसाइटच वाढतात, पण तिथे साखर उतरते आणि आजार सहसा दिवसादिवसांनी चढत जातो.

पुढे पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत, एन्टेरोव्हायरस नावाचा विषाणू सापडला. या आजाराचे सर्वाधिक रुग्ण याच कुळातल्या विषाणूंचे असतात आणि त्यांवर खास औषध नाही. तो सापडला व कल्चरमध्ये, म्हणजे पाणी पोषक द्रव्यात ठेवून पाहिल्यावर, जिवाणू वाढले नाहीत, तेव्हा प्रतिजैविके थांबवली. ती चूक सुधारली नव्हती, निदान पुरे झाले होते. त्याला दर थोड्या वेळाने आजचा वार, तुझे नाव विचारत होते, याचा तुला राग आला. पण माणूस गोंधळू लागला किंवा त्याला झटके आले, तर सूज आवरणांपुरती न राहता मेंदूत शिरल्याची शंका येते, आणि तो हर्पिसचा विषाणू असेल तर असायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध देण्यास झालेला उशीर महागात पडतो.

थकवा काही आठवडे राहील, त्याला घाई करू नका. तू लिहितोस की डोके अजून दुखते. ते बसल्यावर ठणकते आणि आडवे झाल्यावर थांबते का, हे नीट विचार. तसे असेल तर ते आजाराचे नसून बहुधा सुईच्या छिद्रातून झिरपलेल्या पाण्यामुळे आहे आणि काही दिवसांत थांबेल. झोपूनही दुखत असेल, किंवा ताप पुन्हा चढला, तर पत्राची वाट न पाहता त्याच रात्री फोन कर.

तुझा,
जुना सोबती