वैकुंठ आणि कानतुटका कप

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाप्तिस्मा घेतल्यावर माणसाची जगाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते का, हा तुझा प्रश्न वाचून मला प्रथम आजी आठवली. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने तिला तोंडपाठ होती आणि घराणे तिच्या सासऱ्यांपासून ख्रिस्ती. तरीही स्वयंपाकघरातल्या फळीच्या टोकाला एक कानतुटका कप पालथा घातलेला असे, आणि तो कोणत्या वस्तीतल्या पाहुण्यासाठी, हे कोणी न सांगता आम्हा पोरांना ठाऊक होते. ते पाहुणेही आमच्याच मंडळीतले, त्याच प्रभुभोजनात भाग घेणारे!

गोव्यात 1579 साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले. 1616 साली ते रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला त्यांनी बेधडक वैकुंठ म्हटले, कारण ओळखीच्या शब्दावाचून नवी कथा इथल्या श्रोत्याच्या मनात उतरणार नाही, हे त्या इंग्रज जेझुइटाने, म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या धर्मगुरूने, ओळखले होते. पुराण रुजले, पण बामण, चारडे, सुदीर हे जातींचे भेदही गोव्यातल्या ख्रिस्ती समाजात टिकले. दोष मी वैकुंठाला देत नाही. मिशनऱ्यांनी श्रद्धेबद्दल जेवढा आग्रह धरला, तेवढा पंगतीबद्दल धरला नाही, असे मला वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम मात्र उलटा होता. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या हिंदूच राहिल्या, आणि पुढे पतीसोबत राहू लागल्यावरही त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. जात देवाने केली की माणसाने, या विचाराने त्यांना घेरले, आणि ती माणसाची करणी आहे असे मनाशी ठरताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला, असे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या सांगतात. बाप्तिस्मा त्यानंतरचा. बायबलच्या शिकवणीत हा प्रसंग कुठे बसवायचा, हे धर्मपंडितांनी ठरवावे. मला तरी दृष्टी बदलली ती त्या निश्चयाच्या क्षणी. टिळकांनी स्वतः 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती.

आजीचा तो कप घरातून कधी गेला, हे परवा आईला विचारले, तर तिने चहा टाकू का म्हणून विषयच बदलला. तू आलास की दोघे मिळून विचारू.

तुझा मित्र