पऱ्हाटीचे नॅनोसेल्युलोज: आधी आम्लाचा हिशेब मांडा

संपादक महोदय,

पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडांपासून, नॅनोसेल्युलोज (वनस्पतीतल्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण किंवा तंतू) काढून शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळेल, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. कल्पना पोकळ नाही. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत याचा प्रायोगिक प्रकल्प उभा आहे. पण गावात युनिट टाकायला निघालेल्यांनी नेमके कोणते नॅनोसेल्युलोज करायचे, हे आधी ठरवावे.

त्याचे मुख्य प्रकार दोन, स्फटिक आणि तंतू. स्फटिकांसाठी ब्लीच केलेला लगदा 64 टक्के सल्फ्युरिक आम्लात 45 अंशांना पाऊण तास ते तासभर ढवळतात, मग दहापट थंड पाण्यात ओतून क्रिया थांबवतात. 1 किलो कोरड्या लगद्याला 10 लिटर द्रावण धरले, तर त्यात शुद्ध आम्लच जवळपास 10 किलो. हाती येणारा माल बहुधा अर्धा किलोसुद्धा नसतो. आम्ल चुन्याने मारले की 17 किलोच्या आसपास जिप्सम आणि शंभरेक लिटर साखर विरघळलेले सांडपाणी उरते. वेळ किंवा तापमान जरा वाढले की द्रावण तपकिरी पडते. धुण्यात आम्ल राहिले तर वाळवताना माल काळवंडतो. सांडपाण्याची सोय नसलेल्या शेडमध्ये हे काम होऊ देऊ नये.

तंतूंना आम्ल लागत नाही. पऱ्हाटीची साल, माती आणि चिकटलेली बोंडे काढून 2-3 सेंटिमीटरचे तुकडे करायचे, कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवायचे, ब्लीच करायचे आणि 2 टक्क्यांचा पातळ लगदा दगडी चकत्यांच्या ग्राइंडरमधून पुन्हा पुन्हा काढायचा. नुसते दळले तर किलोमागे 20-30 युनिट वीज सहज जाते. आधी सेल्युलेज हे सेल्युलोज तोडणारे एन्झाइम दिले तर ती बरीच वाचते. शिजवल्यावर उरणारे काळे सांडपाणी, म्हणजे काळा लिकर, मात्र इथेही निघते, म्हणून शिजवण्याचे काम चालू कागद गिरणीतच करावे.

दुसरी अडचण वाळवण्याची. तंतू एकदा वाळले की एकमेकांना घट्ट चिकटतात, पाण्यात घातले तरी पूर्ववत सुटत नाहीत. ओली जेल पाठवायची तर 100 किलोत 98 किलो पाणीच वाहून न्यावे लागते, आणि थंड ठेवली नाही तर तिला बुरशी धरते. म्हणून गिऱ्हाईक शेजारीच हवे.

असे गिऱ्हाईक आज कागद गिरणीच आहे: थोडे तंतू मिसळले की कागदाची ताकद वाढते, मात्र जास्त घातले तर कागद यंत्राच्या जाळीवर पाणी निथळत नाही. जपानमध्ये असेच सेल्युलोजचे तंतू जेल पेनच्या शाईतही वापरले गेले. गोळी फिरताना शाई पातळ होते, थांबली की पुन्हा घट्ट. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर लेप दिला तर कोरड्या हवेत तो ऑक्सिजन उत्तम अडवतो, पण आपल्या पावसाळ्यात ओल शोषून सैलावतो.

सरकारने अनुदान द्यायचेच तर ते गावातल्या आम्लाच्या टाक्यांना नको, कुट्टी यंत्रांना द्यावे. पऱ्हाटीचे ढीग उन्हाळाभर बांधावर राहिले की बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात पिकावर येते. उपटल्याबरोबर कुट्टी झाली तर गिरणीला कच्चा मालही वेळेत मिळेल.

– एक लगदा-तंत्रज्ञ, नागपूर