गिट ब्लेम न मारल्याबद्दल थँक्यू, सर

सर, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गिट ब्लेम म्हणजे कोडची कुठली ओळ कुणी लिहिली ते नावानिशी दाखवणारी कमांड. आमची कंपनी छोटी, भोसरीत, कारखान्यात लागणारे नेटवर्क स्विच बनवतो, आत लिनक्स. चाकणला एका गिऱ्हाइकाकडे बॉक्स बसवला आणि त्यांचे जुने पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे कंट्रोलर, बोलेचनात. लॅपटॉप लावला की सगळं मस्त, पीएलसी लावला की पोर्टचा लाईट लागतो, इथटूल (पोर्टची अवस्था दाखवणारी कमांड) सांगतं स्पीड १०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स म्हणजे दोन्हीकडून एकदम बोलणं, लिंक डिटेक्टेड येस, आणि पिंग, म्हणजे "आहेस का" विचारणारा साधा निरोप, काही जात नाही. तीन आठवडे हे चाललं. केबल बदलल्या, अर्थिंग बघितलं, एकाने तर बॉक्सची जागा बदलून बघा म्हटलं, वास्तुशास्त्रच बाकी होतं. चिपवाल्यांच्या सपोर्टला तिकीट टाकलं तर नऊ दिवसांनी उत्तर, "आमच्याकडे चालतंय", आणि तिकीट बंद. मला न विचारता बंद! आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये "ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) कोण बघतं?" एवढंच विचारलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, साहेब पुढच्या स्लाईडवर गेले. मदत नाही, शिवी नाही, काहीच नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं खरं तर.

आणि मग रविवारी तुम्ही आलात. आपली ओळख काय, तर माझ्या मैत्रिणीचे जुने बॉस, एवढीच. ऑफिसात एसी बंद, पंखा लावून बसलो. आल्या आल्या तुम्ही विचारलंत, "तुमच्या टेबलावर १०० चं काय आहे?" काहीच नव्हतं! सगळे लॅपटॉप गिगाबिट, म्हणजे १००० चे, सगळं टेस्टिंग गिगाबिटवर. तुम्ही माझ्याच लॅपटॉपला फक्त १०० फुल जाहीर करायला लावलंत, केबल खोचली, लाईट लागला, पिंग मेलं. ज्याच्यासाठी मी सहा वेळा चाकणला जाऊन आले ते टेबलावर एका मिनिटात. मला हसावं की रडावं कळेना.

"लाईट फायचा असतो गं, मॅकचा नाही," तुम्ही म्हणालात. फाय म्हणजे केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप, मॅक म्हणजे तिच्यामागे डेटाची पाकिटं घेणारा-देणारा भाग. फाय समोरच्याशी बोलून १०० वर आला, इथटूल त्याचंच ऐकून सांगतं, पण स्विचच्या पोटातल्या मॅकला कुणीतरी सांगायला नको का की आता १०० वर ये? ते काम ड्रायव्हरचं. आरजीएमआयआयवर, म्हणजे फाय आणि मॅकमधल्या तारांवर, हजारला क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, शंभरला २५, म्हणजे फाय २५ वर उतरलेला आणि मॅक १२५ धरून बसलेला. मॅकचं रजिस्टर, म्हणजे सेटिंग ठेवायची चिपमधली जागा, वाचलं. आमच्या चिपमध्ये स्पीडची दोन बिटं, ०० म्हणजे दहा, ०१ म्हणजे शंभर, १० म्हणजे हजार. आलं १०. (हे दहा नव्हे, एक-शून्य. यावर पण माझा एकदा अर्धा दिवस गेलाय, असो.)

मग ड्रायव्हर उघडला. आणि इथे माझ्या पोटात गोळा आला, कारण मला त्या क्षणी कळलं. २०२० मध्ये ५.७ कर्नलला (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) फायलिंक, म्हणजे फाय आणि मॅकची गाठ घालणारा त्यातला कोड, बदललं, ठरलेला स्पीड ड्रायव्हरच्या मॅक लिंक अप या फंक्शनच्या हातात द्यायला लागलं, त्याआधीचे ड्रायव्हर तो मॅक कॉन्फिग या दुसऱ्या फंक्शनमध्ये स्टेट नावाच्या नोंदीतून उचलायचे. आमचा ड्रायव्हर त्या जुन्या पद्धतीचा. गेल्या वर्षी कर्नल वर नेला तेव्हा कंपाईल होईना, म्हणून कुणीतरी मॅक लिंक अपला चार नवे आर्ग्युमेंट (फंक्शनला बाहेरून मिळणाऱ्या किमती) जोडून दिले, स्पीड, डुप्लेक्स आणि दोन पॉजचे ("जरा थांब" सांगण्याचे), आणि चारातला एकही वापरला नाही. वरचा कोड बिचारा अजून जुन्या जागी स्पीड शोधतोय, तिथे "माहीत नाही" येतंय, आणि माहीत नाही तर हजार धरा असं लिहिलेलं. कंपाईल झालं, गिगाबिटवर चाललं, पुढे कुणी बघितलंच नाही.

ते "कुणीतरी" म्हणजे मी.

सर, तुमचा कर्सर त्या ओळीवर होता. टर्मिनल शेजारीच उघडं. गिट ब्लेम मारायला तीन सेकंद लागतात, आणि आमच्या ऑफिसात बग सापडला की पहिलं तेच मारतात, दुरुस्ती नंतर. तुम्ही नाही मारलंत. "कुणी केलं हे" असं विचारलंसुद्धा नाहीत. चष्मा काढलात, शर्टाच्या टोकाला पुसलात, बराच वेळ पुसलात, आणि खिडकीकडे बघत म्हणालात, "अशी घाई मी पण केलीय." मला वाटतं तुम्हाला माहीत होतं. मी स्वतःच म्हटलं, सर हे माझंय. तुम्ही काही बोलला नाहीत, कीबोर्ड फक्त माझ्याकडे सरकवलात. मी टाईप करताना स्विच केसमध्ये (स्पीडप्रमाणे वाट निवडणारा कोड) दोनदा ब्रेक, म्हणजे "इथे थांब" हा शब्द, विसरले, तुम्हाला दिसत होतं, हात पाठीशी बांधून उभे राहिलात. तिसऱ्यांदा मलाच दिसलं.

हुशार माणसं खूप भेटली हो मला, पण दुसऱ्याची चूक हातात आल्यावर तिचं काय करायचं हे कळणारी फार कमी. माझे आजोबा गावाला सोसायटीत सेक्रेटरी होते, कुणाचा हिशोब चुकला की पेन्सिलने बारीक टिंब करून वही परत द्यायचे, बोलायचे नाहीत. रविवारी मला ते आठवले. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, घसा दाटला होता.

सोमवारी चाकणला बॉक्समध्ये नवीन इमेज, म्हणजे दुरुस्त सॉफ्टवेअर, टाकली. पहिला पीएलसी बोलला तेव्हा तिथला मेंटेनन्सवाला म्हणाला, "मॅडम, केबलच खराब होती ना?" मी म्हटलं हो.

साहेबांनी "गुड" असा मेल टाकला. चिपवाल्यांचं तिकीट अजून बंदच आहे.

इथे तुमचं नाव टाकलं नाही, पण कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीत, सजेस्टेड बायच्या ("यांनी सुचवलं") पुढे टाकलंय. तुम्ही नको म्हणाला होतात. आता त्या ओळींवर कुणी ब्लेम मारलं तर दोन्ही वेळा माझंच नाव येईल, चुकीला पण आणि दुरुस्तीला पण, आणि मेसेज उघडून शेवटपर्यंत वाचला तर तुमचं. ते मी काढणार नाहीये, कितीही वेळा जेवलीस का विचारलंत तरी.