ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना एवढं सांग

रेक्याविक, आइसलँड, रविवार

ती. आईस साष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. वेळेवर जेवते. थंडी तू समजतेस तेवढी नाही, घराघरांत जमिनीखालचं गरम पाणी खेळवलेलं असतं. परवा फोनवर आवाज बसलेला वाटला तो झोपेतून उठले होते म्हणून, आजारी नव्हते.

इथली एक गोष्ट मात्र तुला सांगायचीच होती. इथे बहुतेकांना आडनावच नसतं! वडिलांच्या नावाला मुलाने 'सोन' लावायचं, मुलीने 'दोत्तिर'. आपण मधे लावतो ते वडिलांचं नाव इथे शेवटी येतं. त्यामुळे एका घरात नवरा, बायको, मुलगा, मुलगी, चौघांची शेवटची नावं चार. लग्नानंतरही बाईचं नाव बदलत नाही. तू इथे असतीस तर आजही आजोबांच्या नावाने 'तुकारामदोत्तिर'च राहिली असतीस. आमचे सर सत्तरीचे, त्यांनाही सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझी जीभ अजून रेटत नाही. मग कोण कुणाचं ते कळतं कसं? आपल्याकडे हेळवी येऊन पिढ्या वाचून दाखवतो ना, तशी यांची वंशावळ कॉम्प्युटरवर आहे, 'इस्लेंडिंगाबोक' नावाची. कित्येकांच्या पिढ्या हजारेक वर्षं मागे जातात.

माझं काम त्यावरच उभं आहे. अख्ख्या देशात चार लाखही माणसं नाहीत, सांगली-मिरजेहून कमी, आणि शतकानुशतकं बाहेरचं फारसं कुणी येऊन मिसळलं नाही. म्हणून कुठला आजार कुठल्या जनुकाबरोबर खाली उतरला ते इथे शोधता येतं. २००७ साली इथल्या आणि स्वीडनच्या लोकांच्या तपासणीतून काचबिंदूच्या एका प्रकाराशी जोडलेलं जनुक सापडलं, पंधराव्या गुणसूत्रावरचं एलओएक्सएल१. या आजारात म्हातारपणी डोळ्यात पांढरा कोंडा साठतो, पाण्याचा निचरा तुंबतो आणि दाब वाढतो. मी एका आजींच्या डोळ्यात यंत्रातून पाहिला. बाहुलीच्या कडेला भस्म सांडल्यासारखा. दुखत काहीच नाही, नजर कडेने हळूहळू जाते.

तेव्हा आपली आजी आठवली. शेवटची दोन वर्षं उजवा खांदा चौकटीला लागायचा, चहाचा कप ठेवताना आधी हाताने ओट्याची कड चाचपायची. आपण सगळे म्हणायचो, वय झालं. तिला हेच होतं असं मी म्हणत नाही, पण डोळ्यातला दाब कुणी मोजलाच नाही. मीसुद्धा विचारलं नाही.

तुला आणि मला होईल का, असं तू विचारलंस. उगाच धास्ती घेऊ नकोस. या जनुकाचं धोक्याचं समजलं जाणारं रूप धडधाकट म्हाताऱ्यांतही सर्रास सापडतं. आपल्या देशातल्या रुग्णांतही याच जनुकाचा संबंध दिसला, पण जपानी लोकांत त्यातल्या एका बदलाची दिशाच उलटी निघाली. तेव्हा रक्त तपासायला नको, डोळा तपासायला हवा. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. त्याआधी मिरजेच्या डॉक्टरांना आजीचं सांग, दाब मोजायला सांग, बाहुली मोठी करून कोंडा आहे का ते बघायला सांग. हा आजार असला तर भिंगाला धरून ठेवणारे धागे कमकुवत असतात, म्हणून सर्जनला आधीच माहीत असलेलं बरं. लाजू नकोस.

बाबांच्या खात्यात पन्नास हजार टाकलेत. ते डोळ्यांसाठीच. द्राक्षाच्या औषधांची उधारी त्यातून फेडू नका, बेदाणा विकला की बघू. कमी पडले तर पुढच्या महिन्यात आणखी पाठवते. कोल्हापूरच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवून ठेवू नका. माझी इथली मुदत मेपर्यंत आहे आणि मला ती पुरी करायची आहे. मुलगा चांगला आहे हे मला कळतं, आत्याचा राग येऊ देऊ नका.

ऑपरेशनला मी नसेन. आजीच्या दिवसांनाही नव्हते. ताई आठवडाभर येऊन राहते म्हणाली आहे, थेंब तिच्याच हातून घालून घे, आणि पट्टी काढली की आधी मला व्हिडिओ कॉल कर, मग इथे रात्र असली तरी चालेल.

तुझी
प्राजक्ता