फोटो शनिवार-रविवारचे, पगार पाच दिवसांचा

नौपाडा, ठाणे
एप्रिल

प्रिय मेघना,

‘नोकरी सोडून मीही तुझ्यासारखी थायलंडला इंग्रजी शिकवायला येऊ का?’ या तुझ्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता आलं असतं, पण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तेवढ्या बळावर तू सोमवारी मुख्याध्यापकांच्या टेबलावर राजीनामा ठेवून मोकळी झाली असतीस. म्हणून सविस्तर लिहितेय. थायलंडच्या शाळांना मार्चपासून मेच्या मध्यापर्यंत मोठी सुट्टी असते, त्यामुळे सध्या ठाण्यात आहे. दुपारच्या या उन्हात पत्र लिहिण्याखेरीज दुसरं काही सुचत नाही. सोसायटीतल्या सगळ्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्यात: पगार किती आणि तिथले लोक किडे खातात का. पहिल्याचं उत्तर आई देते, तेही वाढवून. दुसऱ्याचं मी देते: बाजारात तळलेले किडे मिळतात, पण आपल्या ताटात कुणी बळंच वाढत नाही.

तू लिहिलंस, ‘तुझं बरं आहे गं, पगार घेऊन पर्यटन.’ तू बघतेस ते फोटो शनिवार-रविवारचे. उरलेले पाच दिवस मी नाखोन पाथोममध्ये असते. बँकॉकपासून साधारण 56 किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून कल्याण असतं तेवढं. गावाच्या मधोमध फ्रा पाथोम चेदी नावाचा घंटेच्या आकाराचा नारिंगी स्तूप आहे, जवळजवळ 120 मीटर उंच. कुठल्याही गल्लीतून दिसतो, त्यामुळे वाट चुकायची सोय नाही. राजा मोंगकुटने जुन्या स्तूपावर हा नवा बांधायला घेतला 1853 मध्ये. ठाणेकराचे कान टवकारणारच! बोरीबंदरहून आपल्याकडे पहिली गाडी आली ती त्याच वर्षीच्या 16 एप्रिलला. वर्गात मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘त्या गाडीत एसी होता का?’

सकाळी फाटकावर उभं राहून येणाऱ्या मुलांचे नमस्कार घ्यायचे. आठच्या ठोक्याला झेंडा आणि राष्ट्रगीत. ते सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला रेल्वे स्टेशनांवर, बागांमधूनही वाजतं आणि माणसं असतील तिथे थांबतात. सोमवारी सगळे शिक्षक पिवळ्या कपड्यांत, कारण आताचे राजे आणि त्यांचे वडील, दोघांचाही जन्म सोमवारचा आणि तिथे सोमवारचा रंग पिवळा. म्हणून या खेपेला जांभळी नाक्यावरून पिवळे कपडे घेऊन ठेवलेत.

मग वर्ग. एकेका वर्गात चाळीसच्या वर मुलं, वर गरगरणारे पंखे आणि खिडकीबाहेर कुठल्या तरी स्पर्धेच्या ढोलाची तालीम. थाई मुलांची पाळण्यातली नावं लांबलचक, संस्कृत वळणाची असतात, पण हाका टोपणनावांनीच मारतात आणि ती हजेरीतही चालतात. माझ्याकडे एक बँक आहे, एक बेंझ आहे, दोन आइस आहेत. बिअर नावाचा मुलगा वर्गातला सगळ्यात शहाणा. ‘बिअर, शांत बस’ असं पहिल्यांदा म्हणताना मला हसू आवरेना. वर्गाला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळलंच नाही.

शिकवण्याबद्दल मात्र मला मनापासून लिहायचंय, कारण त्याचा फोटो निघत नाही. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘काल’ म्हटलं की झालं, क्रियापद जागचं हलत नाही. त्यामुळे भूतकाळ शिकवताना मुलं माझ्याकडे अशी बघतात, जणू मी उगाचच काम वाढवून ठेवलंय. इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ल’ आला की त्यांच्या तोंडी तो ‘न’ होतो, ‘स’ आला तर ‘त’ होतो नाहीतर गळूनच जातो. आमच्या शाळेत इंग्लंडहून आलेला एक तरुण शिक्षक होता, गोड आणि कष्टाळू. मुलांनी ‘the’ कुठे लावायचा असं विचारलं की तो म्हणायचा, ‘कानाला बरं वाटतं तिथे.’ अगं, त्या मुलांचा कान तयारच कुठे झालाय? तू आणि मी पाचवीत एबीसीडी गिरवली, तर्खडकरी पद्धतीने नियम पाठ केले आणि कॉलेजात पहिल्यांदा तोंड उघडताना घाम फुटला होता. कुठल्या पायरीवर पाय घसरतो ते आपल्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तिथे हात धरता येतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. माझ्या वर्गातली मुलं बोलतात, चुकत-माकत का होईना बोलतात, एवढंच सांगतेय.

पण याची किंमत बाजारात शून्य. जाहिरातींमध्ये सर्रास लिहिलेलं असतं, ‘फक्त मातृभाषा इंग्रजी असणारे.’ काम तेच, तास तितकेच, पगार मात्र पासपोर्ट बघून. मला पहिल्यांदा नोकरीला लावणाऱ्या एजन्सीने तर तोंडावर सांगितलं की पालकांना फोटोत गोरा चेहरा हवा असतो. फिलिपिनो शिक्षिका ही वागणूक वर्षानुवर्षं सोसताहेत आणि तरी अर्धी शाळा त्यांच्याच जिवावर चालते. स्टाफरूममध्ये माझं सगळ्यात जास्त त्यांच्याशी जमतं. तुला याचा राग येईल, यावा. पण तो घरी ठेवून येता येत असेल तरच ये.

त्या रागावर उतारा म्हणजे जूनमधला ‘वाय ख्रू’, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. तो बहुतेक गुरुवारीच धरतात. मुलं गुडघ्यांवर सरकत पुढे येतात आणि शिक्षकांच्या हातात फुलांची सजवलेली तबकं देतात. त्यात वांग्याचं फूल असतं, ते झुकलेलं असतं म्हणून नम्रतेचं, आणि असतात दूर्वा. हो, आपल्याच! कुठेही पसरतात, तुडवल्या तरी तगतात, तसं मुलांचं ज्ञान वाढावं म्हणून. मी डोळे पुसत होते तेव्हा बेंझने हळूच विचारलं, ‘टीचर, ॲलर्जी?’

शुक्रवारी संध्याकाळी पिशवी भरून तयार असते. पण शनिवार हाताशी लागेलच याची खात्री नसते. ‘उद्या इंग्लिश कॅम्प आहे’ हे शुक्रवारी दुपारी कळतं. मग दिवसभर टोप्या घालून टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, पैसे वेगळे नाहीत. शनिवार वाचला की मी स्टेशनवर.

कांचनाबुरीची गाडी आमच्या स्टेशनवरूनच जाते. थर्ड क्लासचा डबा, सताड उघड्या खिडक्या, भाताची खाचरं. पुढचा काही भाग त्या कुप्रसिद्ध मार्गाचा आहे, जो जपान्यांनी 1942-43 मध्ये ब्रह्मदेशापर्यंत, 415 किलोमीटर, कैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतला. क्वे नदीवरचा पूल बघायला झुंबड असते, सेल्फी काढायला रुळांवर रांगा. मी तिथे थोडा वेळ थांबते आणि स्टेशनजवळच्या युद्ध स्मशानभूमीत जाते. सुमारे सात हजार थडगी, कापलेली हिरवळ, बहुतेक दगडांवर नाव आणि वय. बाविसाव्या, चोविसाव्या वर्षी गेलेली मुलं. मित्रराष्ट्रांचे बारा हजारांहून अधिक युद्धकैदी या मार्गावर मेले. त्यांच्या कित्येक पटींनी मेले ते आशियाई मजूर, आणि त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतून आणलेले तमिळ हजारोंनी होते. त्यांच्या नावाचे असे दगड नाहीत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी वेड्यासारखी रांगा फिरत भारतीय नावं शोधत होते. पुढे गाडी नदीकाठच्या कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून रखडत जाते तेव्हा सगळा डबा फोटो काढण्यासाठी एका बाजूला लोटतो. माझा हात काही फोनकडे जात नाही. या सहलीचे फोटो तुला म्हणूनच दिसले नाहीत.

मे क्लाँगचे मात्र भरपूर दिसले असतील. तिथे भाजीबाजार थेट रुळांवर भरतो. गाडीचा भोंगा झाला की विक्रेत्या छत्र्या मिटतात, टोपल्या आत ओढतात, गाडी गेली की सगळं पूर्ववत. परदेशी पाहुणे तोंडात बोट घालतात. मी ठाणे स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आल्यावर फेरीवाल्यांची पळापळ बघत मोठी झालेली, मला त्याचं काय! जवळच अम्फावाचा तरंगता बाजार आहे, शुक्रवार ते रविवार. गर्दीची चीड येत असेल तर जाऊ नकोस.

सगळ्यात जास्त मी जाते ती सनाम चान राजवाड्यात, सायकलने. तिथल्या हिरवळीवर गणपतीचं छोटं देऊळ आहे. शेजारीच सिल्पकॉर्न विद्यापीठ, त्याचं बोधचिन्हही गणपतीच. परीक्षेआधी विद्यार्थी हात जोडून उभे दिसतात. नैवेद्याला ‘खनोम तोम’ ठेवतात: तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्या, आत नारळ आणि ताडगूळ, बाहेरूनही ओलं खोबरं. आईला सांगितल्यावर तिने पाकळ्या कशा पाडतात ते विचारलं. पाडत नाहीत म्हटल्यावर तिचा त्या देशातला रस संपला.

खाण्याचं म्हणशील तर शाकाहारी माणसाचे हाल आहेत, कारण माशाचा सॉस भाजीतही असतो. ‘जे’, म्हणजे शुद्ध शाकाहारी, असं लिहिलेली पिवळी पाटी शोधायची, त्यात कांदा-लसूणही नसतो. वर्षातून एकदा, बहुधा आपल्या नवरात्राच्या सुमारास, या जेवणाचा नऊ दिवसांचा उत्सव असतो. तेव्हा मी पोटभर जेवून घेते. एरवी भात, अंडं आणि आईचं मेतकूट.

बाई एकटी फिरते म्हणून तुझ्या सासूबाईंना काळजी वाटत असेल तर सांग, रात्री नऊला स्टेशनवरून चालत घरी येताना मला कधी मागे वळून बघावं लागलं नाही. एकटेपणा वेगळा. तो रविवारी संध्याकाळी कपडे वाळत घालताना येतो आणि त्यावर उपाय मला सापडलेला नाही.

आता कामाचं. तुझं बी.एड. आहे, ही मोठी जमेची बाजू. शिक्षणशास्त्राची पदवी नसलेल्यांना तिथे तात्पुरत्या परवानगीवर दिवस काढावे लागतात. आपल्यासारख्यांना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, त्याची तारीख आधी बघ. पोलीस क्लिअरन्स लागेल. एकदा गेलीस की दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा आणि मधेच घरी यायचं तर री-एंट्री परमिट काढूनच निघायचं, नाहीतर व्हिसा गेला. राजीनामा मात्र नको. बिनपगारी रजा मिळते का ते विचार. तुझ्या संस्थेत नियम काय आहे, ते तुलाच ठाऊक.

मी मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथे आहे. एखादा शनिवार गाठून चिपळूणहून ये, सगळे कागद समोर ठेवून बसू. मूळ प्रमाणपत्रं आण, झेरॉक्स नकोत. आणि आईने कोकम आगळ सांगितलंय, दोन बाटल्या, मीठ घातलेलं.

तुझी,
अनघा