विषय: वायफाय चालू आहे, हे मला माहीत आहे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॉल सेंटरशी 26 मिनिटं बोलून आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लिहितेय.

9 तारखेच्या रात्री मी काम करत असताना राऊटरचे सगळे दिवे गेले आणि परत आले. तेव्हापासून केबलने जोडलेल्या एकाही कॉम्प्युटरवर नेट नाही. राऊटरच्या पानावर फर्मवेअरचा (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) आकडा बदललेला दिसतो, म्हणजे अपडेट झालंय. तो मी बदललेला नाही. 11 तारखेला जीएसटीआर-1 ची, म्हणजे जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नची, शेवटची मुदत होती. तेरा क्लायंटची रिटर्न मी मोबाइल वायरने जोडून भरली.

नंतर शांतपणे सगळं तपासलं. केबल बदलली, चारही पोर्ट पाहिले, लॅपटॉपही केबलने लावून पाहिला. सगळीकडे तेच, आयपी पत्ता 169.254 ने सुरू होणारा, म्हणजे राऊटरकडून मिळाला नाही की मशीन स्वतःच घेतं तो. शेवटी 192.168.1.50 हाताने टाकला, तर नेट लगेच सुरू! म्हणजे केबल, पोर्ट, कार्ड सगळं ठीक आहे. अपडेटनंतर तुमचा राऊटर केबलवाल्यांना पत्ते वाटायचंच विसरलाय. ती पत्ते वाटायची, डीएचसीपीची सेटिंग अॅडमिन लॉगिनमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. तीन मशीन आणि एका प्रिंटरला मी किती दिवस हाताने पत्ते देत बसू?

हे सगळं आज तुमच्या प्रतिनिधींना सांगितलं.

"मॅडम, मोबाइलवर वायफाय येतंय ना?"

"येतंय. तक्रार केबलची आहे. डेस्कटॉपला राऊटरकडून पत्ता मिळत नाही."

थोडा वेळ की-बोर्डचा खडखडाट. मग, "मॅडम, पत्ता बदलायचा असेल तर शिफ्टिंगची रिक्वेस्ट टाकावी लागेल. नवीन घर कुठे आहे?"

मी आयपी अॅड्रेस म्हणजे काय ते समजावलं. हो, मी त्यांना. त्यावर उत्तर आलं, "घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांना फोन द्या ना."

घरात जेंट्स म्हणजे माझे सासरे, वय 81. टीव्हीचा इनपुट बदलायलाही ते मला हाक मारतात. तरी दिला फोन. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं सूनबाईंना विचारा." एवढ्या 26 मिनिटांत शहाणपणाचं वाक्य ते एकच.

त्याआधी माणूसही येऊन गेला. हिरवा दिवा बघितला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, तक्रार बंद करायचा ओटीपी घेतला आणि गेला. डेस्कटॉपकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तक्रार 'सोडवली' असा एसएमएस मला दोनदा आलाय. वायफाय चालू आहे हो, पण माझ्या डेस्कटॉपला वायफाय कार्डच नाही!

चार वर्षं बिल एकदाही थकवलं नाही. शेजारच्या दोन घरांना तुमचंच कनेक्शन घ्यायला मी सांगितलं होतं. आता त्यांच्यासमोर तोंड दाखवायची पंचाईत.

तक्रारींचे डॉकेट नंबर माझ्याकडे आहेत. तुमच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाईन, नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, एवढं जेंट्सशिवायही कळतं.

20 तारखेला जीएसटीआर-3बी, म्हणजे पुढच्या रिटर्नची मुदत आहे. त्याआधी सेटिंग दुरुस्त करा. माणूस पाठवणार असाल तर खुशाल पाठवा, पण ओटीपी मी डेस्कटॉपवर नेट दिसल्यावरच सांगेन.

एक ग्राहक, सांगली